मिंट की आर्च? इन्स्टॉलचा दिवस सोडा, अपडेटचा दिवस बघा

प्रश्न थोडक्यात असा. बीसीएचे दुसरे वर्ष. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इन्टेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, म्हणून लिनक्सकडे यायचे आहे. मिंट आणि आर्च या लिनक्सच्याच दोन तयार आवृत्त्या, म्हणजे डिस्ट्रो. मित्र म्हणतात, "आर्च टाक, तरच काहीतरी शिकशील. मिंट म्हाताऱ्यांसाठी." दुसरा संगणक नाही, नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून, आणि प्रॅक्टिकलच्या सगळ्या फाइली याच लॅपटॉपवर. मग टाकावे काय? मिंट घेतले तर खरेच काही शिकणे होणार नाही का? आणि विंडोज ठेवावे की पुसावे?

उत्तर आधी देतो, कारणे मागून. डिस्कवर लिनक्स मिंट टाका. आर्च त्याच मिंटच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला खोटा संगणक) बसवा, मोडा आणि दुरुस्त करा. निदान एक सेमिस्टर हे करा. एकच लॅपटॉप असलेल्याला आर्च नीट शिकायचा हाच रस्ता आहे. ज्यावर उद्याचे सबमिशन आहे ते यंत्र कुणी मुद्दाम मोडत नाही, आणि मोडून दुरुस्त केल्याशिवाय आर्चमधले निम्मे कळत नाही.

डिस्ट्रोची "सोपी" आणि "अवघड" अशी वाटणी लोक इन्स्टॉलवरून करतात. मिंटला माऊसने दहा-बारा क्लिक, आर्चला काळा पडदा आणि कमांड. पण इन्स्टॉल एका संध्याकाळचे काम. त्यानंतरची दोन-तीन वर्षे तुम्ही अपडेट करत राहणार, आणि दोन्हींत खरा फरक तिथे आहे. मिंटमध्ये कुठले पॅकेज (प्रोग्राम आणि त्याच्या फाइलींचा गठ्ठा) कधी बदलायचे, कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टमचा गाभा) कुठला, आधीचा ठेवायचा की काढायचा, हे निर्णय दुसऱ्यांनी घेऊन ठेवलेले असतात. आर्चमध्ये ते तुमच्याकडे येतात, आणि तुम्ही सांगाल त्या दिवशी येत नाहीत.

"मिंटवर शिकता येत नाही" ही समजूत आधी बाजूला ठेवू. दोन्हीकडे कर्नल लिनक्सच, शेल बॅश, सेवा चालू-बंद करणारे सिस्टमडी, लॉग वाचायला जर्नलसीटीएल. फाइलींच्या परवानग्या, एसएसएच (दूरून लॉगिन), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम), पाइप (एका कमांडचे उत्तर दुसरीला देणे), ग्रेप (मजकुरात शोध), डिस्क माउंट करणे म्हणजे जोडणे, स्वतःची सेवा लिहून बूटवर चालू करणे, हे सगळे मिंटच्या टर्मिनलवर जसेच्या तसे होते. परीक्षेत आणि नोकरीत बहुतेक हेच विचारतात. आर्च त्यावर भर घालते ती मुख्यतः यंत्र चालू होण्याच्या साखळीची: फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम), ईएफआय विभाग (बूटच्या फाइलींचा डिस्कवरचा भाग), बूटलोडर (कर्नल उचलणारा प्रोग्राम, बहुधा ग्रब), कर्नल, इनिशियल रॅमडिस्क (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उघडणारी छोटी सिस्टम), रूट माउंट (मुख्य विभाग जोडणे). हे ज्ञान मोलाचे आहे. पण एप्रिल २०२१ पासून आर्चच्या आयएसओमध्ये (इन्स्टॉलसाठी पेनड्राइव्हवर लिहायच्या फाइलीत) आर्चइन्स्टॉल नावाची मार्गदर्शक स्क्रिप्ट आहे. ती चालवून पंधरा मिनिटांत आर्च बसवले, किंवा यूट्यूबचा व्हिडिओ थांबवत थांबवत कमांड उतरवल्या, तर त्या साखळीतले काहीच डोक्यात राहत नाही. मिंटवरचाच माणूस, फक्त आता सांभाळ जास्त.

आता आर्चचा अपडेटचा दिवस जवळून बघू. सगळी मेख तिथे आहे.

आर्च २००२ पासून आहे आणि ते रोलिंग आहे, म्हणजे २२ किंवा २४ अशी आवृत्तीच नाही. भांडारातली (आर्चच्या सर्व्हरवरची) पॅकेजे रोज पुढे सरकतात आणि सगळी मिळून सरकतात. म्हणून अपडेटची कमांड एकच: पॅकमन या पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रामला मोठा एस, लहान वाय, लहान यू. एस म्हणजे भांडाराशी व्यवहार, वाय म्हणजे भांडाराची ताजी यादी आणा, यू म्हणजे बसवलेले सगळे त्या यादीच्या बरोबरीला आणा. नवशिका चुकतो तो इथे. त्याला एकच प्रोग्राम हवा असतो आणि नेट कमी असते, म्हणून तो यू गाळतो. यादी नवी येते, तो एक प्रोग्राम नवा बसतो, बाकी यंत्र महिन्यापूर्वीचे राहते. नव्या प्रोग्रामबरोबर आयसीयूसारखी (युनिकोड मजकुरासाठीची) एखादी सामायिक, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती, लायब्ररीही नवी आली, तर जुन्या आवृत्तीची फाइल डिस्कवरून जाते. तिच्यावर बेतलेले पंधरा-वीस जुने प्रोग्राम दुसऱ्या दिवशी "शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल सापडत नाही" म्हणून उघडतच नाहीत. ती लायब्ररी पॅकमनच्याच उपयोगाची असेल तर पॅकमनही बंद पडतो, आणि मग पेनड्राइव्हवरून बूट करण्यावाचून गत्यंतर नाही. अर्धवट अपडेटला आर्चमध्ये आधार नाही, हे त्यांच्या विकीत स्पष्ट लिहिलेले आहे. अपवाद एकच. दोन-तीन महिने अपडेट केलेले नसेल आणि पॅकेजवरच्या सह्यांची खात्री पटत नाही अशा चुका येत असतील, तर आधी आर्चचे कीरिंग पॅकेज (सह्या तपासायच्या किल्ल्या) नवे करायचे आणि लगेच त्यामागोमाग पूर्ण अपडेट.

दुसरी गंमत. आर्चमध्ये कर्नल अपडेट झाला की जुना कर्नल आणि त्याची मोड्यूल्स (ड्रायव्हरसारखे गरजेला जोडले जाणारे तुकडे) डिस्कवरून जातात, नवी येतात. पण रॅममध्ये चालू असतो तो जुनाच. तुम्ही रीस्टार्ट केले नाही आणि तासाभराने पेनड्राइव्ह लावला, तर तो दिसत नाही, कारण त्यासाठी लागणारे जुने मोड्यूल शोधायला गेले तर फोल्डरच नाही. माणूस पेनड्राइव्ह खराब झाला समजून दुसरा आणतो. यंत्र रीस्टार्ट केले की दोन्ही चालतात. मिंटमध्ये नवा कर्नल बसला तरी आधीचा मोड्यूल्ससकट शिल्लक राहतो. नव्यावर वाय-फाय बंद पडले तर ग्रबच्या "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स"मधून जुना निवडायचा, काम सुरू. आर्चमध्ये ही सोय हवी असेल तर एलटीएस (दीर्घकाळ आधार असलेला) कर्नल जोडीला स्वतः बसवून ठेवावा लागतो. तो पहिल्याच दिवशी बसवा, नंतर आठवण येते ती उशिरा.

तिसरी गोष्ट बातम्यांची. अपडेटआधी आर्चच्या मुखपृष्ठावरची बातमी वाचायची, हा नियम आहे. जून २०२५ मध्ये लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज तुकड्यांत विभागले गेले, आणि पुष्कळ जणांचे अपडेट "फाइल आधीच अस्तित्वात आहे" म्हणून अडले. उपाय बातमीत होता: जुने पॅकेज अवलंबित्व (त्यावर आणखी कोण विसंबून आहे ते) न तपासता काढायचे, आणि मध्ये रीस्टार्ट न करता लगेच पूर्ण अपडेटबरोबर नवे बसवायचे. दोन कमांड. ज्याने वाचले त्याचे दोन मिनिटांत झाले. ज्याने न वाचता जबरदस्तीने फाइली ओव्हरराइट करायचा पर्याय वापरला, त्याने पॅकमनच्या नोंदी आणि डिस्क यांच्यात घोळ घालून ठेवला. डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या ५९० ड्रायव्हरने पास्कल म्हणजे जीटीएक्स १० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांचा आधार सोडला. असे कार्ड असलेल्याने नेहमीसारखे अपडेट केले असते तर ड्रायव्हर लोडच झाला नसता आणि ग्राफिक्स बिघडण्याची शक्यता होती. उपाय होता: आधीचा ५८० मालिकेचा ड्रायव्हर एयूआरमधून घेणे. यातली कुठलीच गोष्ट अवघड नाही. पण ती तुम्हाला तुमच्या सवडीने भेटत नाही.

एयूआरचे नाव निघाले म्हणून. ते आर्चचे अधिकृत भांडार नाही, वापरकर्त्यांनी चढवलेल्या बांधणीच्या स्क्रिप्ट आहेत. १६ जुलै २०२५ ला तिथे ब्राउझरच्या "सुधारित" आवृत्त्यांची नावे घेतलेली तीन पॅकेजे चढली. आत दूरून यंत्राचा ताबा देणारा ट्रोजन होता. १८ तारखेला ती काढली गेली. याय किंवा पारू ही एयूआरची साधने वापरताना स्क्रिप्ट दाखवू का असे विचारले जाते, तिथे एंटर दाबून पुढे जाऊ नका. पीकेजीबिल्ड (तीच बांधणीची स्क्रिप्ट) उघडा, सोर्स कुठून येतो ते बघा, मूळ प्रकल्पाच्या बाहेरचा पत्ता असेल तर थांबा. ही शिस्त नसेल तर एयूआर हा आर्चचा फायदा म्हणून मोजू नये.

आर्चची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीतले मागचे दार (घुसखोरासाठीची छुपी वाट) उघडकीला आले, तेव्हा ती आवृत्ती आर्चमध्ये पोचलेली होती, डेबियन या डिस्ट्रोच्या स्थिर शाखेत नव्हती. यावरून "नवे म्हणजे धोक्याचे" असे लोक बोलतात. पण आर्चमध्ये ओपनएसएसएच (हल्ल्याचे लक्ष्य असलेली दूरून लॉगिनची सेवा) त्या लायब्ररीला थेट जोडलेले नसते, म्हणून तो हल्ला तिथे लागू पडत नव्हता. पॅकेजमध्ये कमीत कमी ढवळाढवळ करायची ही आर्चची सवय अशी उपयोगी पडते. शिवाय त्यांची विकी. तुम्ही मिंटवर असलात तरी ब्लूटूथ, ऑडिओ किंवा सिस्टमडी अडले की आर्चचीच विकी उघडा.

डेटाचा हिशेब वेगळा लावा. आर्चचे आठवड्याचे अपडेट काही शे एमबी असते. ब्राउझर, फर्मवेअर, ग्राफिक्स आणि कर्नल एकदम आले की एक जीबीच्या वर जाते. दिवसाला दीड-दोन जीबीच्या प्लॅनवर हे टोचते, आणि टोचले की माणूस अपडेट पुढे ढकलतो, नाहीतर यू गाळतो. डाउनलोड झालेली पॅकेजेही डिस्कवर साचत जातात. पॅककॅश हे साधन प्रत्येकाच्या शेवटच्या तीन आवृत्त्या ठेवून बाकीच्या पुसते, पण ते चालवावे लागते. आणि लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल, गावाकडे भारनियमन असेल, तर कर्नल अपडेटच्या मध्ये लाइट जाणे म्हणजे अर्धी लिहिलेली रॅमडिस्क.

मिंट मोडत नाही असे नाही. ते वेगळ्या तऱ्हेने मोडते, आणि बहुधा मालकाच्या हाताने. मिंट २२ ची मालिका उबुंटू या डिस्ट्रोच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत आधार आहे. म्हणजे पायाची पॅकेजे तिथेच थांबलेली, मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. पायथन ३.१२. कॉलेजने किंवा एखाद्या कोर्सने दुसरी आवृत्ती मागितली की विद्यार्थी यंत्राचा मूळ पायथनच बदलतो, आणि पायथनमध्ये लिहिलेला अपडेट मॅनेजर दुसऱ्या दिवशी उघडत नाही. पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) काही बसवायला गेले की "हे वातावरण बाहेरून सांभाळले जाते" अशी चूक येते. तिथे पॅकेजे मोडली तरी चालतील असा पर्याय देण्याऐवजी प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हेन्व्ह (त्या प्रोजेक्टपुरते वेगळे पायथन वातावरण) करा. दुसरे कारण पीपीए, म्हणजे बाहेरच्यांनी चालवलेली भांडारे. प्रत्येक प्रोग्रामसाठी कुठल्या तरी लेखातले पीपीए जोडत गेले की दोन वर्षांनी मोठ्या अपग्रेडला पॅकेजे एकमेकांत अडकतात. नवी आवृत्ती हवी असेल तर आधी फ्लॅटपॅक (लागणारे सगळे सोबत आणणारे, सिस्टमपासून वेगळे पॅकेज) बघा. मिंटमध्ये त्यांचे भांडार फ्लॅटहब जोडलेलेच येते. पहिला फ्लॅटपॅक बसवताना त्याचा रनटाइम काही शे एमबी ओढतो, तेवढे दिवसाच्या डेटात धरा.

मिंट टाकण्याआधी विंडोजमध्ये चार कामे करायची आहेत. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिले तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह साधारण १०० जीबीने लहान करा. जागा असूनही तेवढी सुटत नसेल तर हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून पुन्हा प्रयत्न करा, न हलणाऱ्या फाइली मध्ये बसलेल्या असतात. चौथे, फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मिंटमधल्या टाइमशिफ्टवर विसंबू नका: ते सिस्टमच्या फाइलींचे स्नॅपशॉट घेते, होम फोल्डर मुळात त्यातून वगळलेले असते.

मिंटचा आयएसओ सुमारे तीन जीबीचा, पेनड्राइव्ह ८ जीबीचा चालेल, त्यावर लिहायला रुफस हा प्रोग्राम. लिहिण्याआधी एसएचए-२५६ (फाइल मूळचीच आहे ना हे सांगणारा आकडा) पडताळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या साइटवर घुसखोरी होऊन आयएसओचा दुवा मागचे दार असलेल्या प्रतीकडे वळवला गेला होता, त्यामुळे हा नुसता उपचार नाही. मग लाइव्ह सत्रात (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये) यंत्र तपासा. वाय-फाय, आवाज, वेबकॅम, ब्राइटनेसच्या कळा, कॉलेजचा प्रोजेक्टर लागतो ते एचडीएमआय. झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा, वाय-फाय परत जोडले जाते का बघा. झोपेतून उठण्याची भानगड इथे दिसली तर इन्स्टॉलनंतरही बहुधा दिसणारच. वाय-फाय मुळातच दिसत नसेल (ब्रॉडकॉम आणि काही रियलटेक चिपांचे असे होते) तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्या नेटवर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा रेडवर आहे, ते एएचसीआय करावे लागेल (या डिस्क चालवायच्या पद्धती आहेत). विंडोज ठेवायचे असेल तर हा बदल सरळ करू नका. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, मग बदल, नाहीतर विंडोज बूट होताना निळा पडदा देईल.

सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर बूटला चालू देणारी सोय) चालू असताना एनव्हिडियासारखा ड्रायव्हर बसवला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. तिथे "एनरोल एमओके" निवडायचे, होय म्हणायचे, तोच पासवर्ड द्यायचा. बहुतेक जण घाबरून "कंटिन्यू बूट" दाबतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून आठवडाभर शोधत बसतात. विभागणीत फार कारागिरी नको: एवढ्या लहान एसएसडीवर लिनक्ससाठी एकच विभाग पुरे, स्वॅपची फाइल मिंट स्वतः करते. पहिल्या दिवशी टाइमशिफ्ट लावा, रोजचे दोन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट बास. विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी ही जागतिक वेळ ठेवते, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असे मानते. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएलने स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की भांडण मिटते.

मराठीचे दोन शब्द. मिंटमध्ये देवनागरी पहिल्यापासून नीट दिसते, आणि कीबोर्डच्या मांडण्यांत मराठी इनस्क्रिप्ट जोडता येतो. र जे या कळीवर, शिफ्टबरोबर तीच कळ दाबली की ऱ. "दुसऱ्या" लिहायला ऱ, हलन्त, य. आर्चमध्ये मात्र फॉन्ट तुम्ही सांगितल्याशिवाय येत नाही. नवे डेस्कटॉप उभे राहते, ब्राउझर उघडतो, आणि मराठी बातमीच्या जागी चौकोनांची रांग. नोटो फॉन्टचे पॅकेज बसवले की अक्षरे येतात, टंकलेखनासाठी एफसीआयटीएक्स किंवा आयबस यांपैकी एक साधन स्वतः लावायचे. सिस्टमची भाषा मात्र इंग्रजीच ठेवा. चुकांचे संदेश शोधायला सोपे जातात, आणि डेस्कटॉप कोसळल्यावर जो काळा कन्सोल उरतो त्याला देवनागरी दाखवता येत नाही.

आता व्हर्च्युअल मशीन. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, तुमच्या प्रोसेसरमध्ये ते आहे. मिंटच्या भांडारातून व्हर्ट-मॅनेजर (व्हीएम चालवायचा प्रोग्राम) बसवा. व्हर्च्युअलबॉक्सही चालतो, पण त्याचे मोड्यूल बाहेरचे असल्यामुळे सिक्युअर बूटचा तो निळा पडदा पुन्हा येतो. व्हर्ट-मॅनेजरला लागणारे केव्हीएम कर्नलमध्येच आहे. दोन कोर, २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क द्या, आणि "इन्स्टॉलआधी बदल" वर खूण करून फर्मवेअर यूईएफआय निवडा. हे विसरले तर जुन्या पद्धतीने बूट होईल आणि ईएफआयचा धडाच चुकेल.

आर्चची इन्स्टॉलेशन गाइड समोर ठेवा, व्हिडिओ नको. १ जीबीचा ईएफआय विभाग, बाकीचा रूट. फॉरमॅट, माउंट, मग पॅकस्ट्रॅप (मूळ सिस्टम डिस्कवर उतरवणारी कमांड). इथे बेस आणि लिनक्स यांच्याबरोबर नेटवर्कमॅनेजर, एक एडिटर, सूडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड), ग्रब आणि मॅन पाने (कमांडची माहितीपत्रके) आत्ताच घ्या. नेटवर्कमॅनेजर राहिला की रीस्टार्टनंतर नेट नाही, आणि नेट नाही म्हणून नेटवर्कमॅनेजर बसवता येत नाही. पहिल्या इन्स्टॉलला बहुतेक सगळे इथेच अडकतात. पुन्हा आयएसओवरून बूट करा, माउंट करा, आर्च-चरूटने (डिस्कवरच्या आर्चमध्ये शिरणाऱ्या कमांडने) आत जा, बसवा, सेवा एनेबल करा. जेनएफएसटॅब (बूटवर कुठला विभाग कुठे जोडायचा याची यादी, म्हणजे एफएसटॅब, बनवणारी कमांड) विसरण्याची चूक जास्त वाईट, कारण ती लगेच दिसत नाही. ईएफआय विभाग बूट फोल्डरवर माउंट केलेला होता, पण एफएसटॅबमध्ये नोंद नाही, म्हणून पुढच्या वेळी तो जोडला न जाण्याचा धोका असतो. तसे झाले तरी यंत्र चालते. दोन आठवड्यांनी कर्नल अपडेट होतो आणि नवा कर्नल रूटवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये लिहिला जातो. ग्रब मात्र ईएफआय विभागातला जुना कर्नल उचलतो, त्याची मोड्यूल्स केव्हाच गेलेली, आणि यंत्र अर्ध्यात अडते. माणूस म्हणतो, अपडेटने मोडले. मोडले होते इन्स्टॉलच्या दिवशीच.

चालणारे आर्च तयार झाले की व्हीएम बंद करून तिच्या डिस्कच्या फाइलीची एक प्रत काढा, आणि मग मोडायला घ्या. पहिला सराव: बूट फोल्डरमधली रॅमडिस्कची फाइल पुसा, रीस्टार्ट करा, आयएसओवरून चरूट करून एमकेइनिटसीपीआयओने पुन्हा बांधा. दुसरा: एफएसटॅबमध्ये बूट फोल्डरच्या नोंदीतल्या यूयूआयडीचे (विभागाच्या ओळख क्रमांकाचे) एक अक्षर बदला. दीड मिनिट वाट पाहून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये जाईल. जर्नलमधून कुठला विभाग सापडला नाही ते वाचा आणि दुरुस्त करा. तिसरा: डिस्क पूर्ण भरा आणि अपडेट करून बघा. चौथा: मुद्दाम महिनाभर अपडेट न करता यू गाळून एखादे मोठे पॅकेज बसवा, आणि त्यातून बाहेर या. पहिल्या इन्स्टॉलला तीन-चार तास लागतील, तिसऱ्याला पाऊण तास. चारही दुरुस्त्या फक्त विकी आणि मॅन पानांवर जमल्या की खऱ्या डिस्कवर आर्च घ्यायला हरकत नाही.

तेव्हा एक खड्डा लक्षात ठेवा. विंडोजने केलेला ईएफआय विभाग बऱ्याचदा १०० एमबीचाच असतो. तोच बूट म्हणून माउंट केला तर कर्नल आणि रॅमडिस्क त्यात दाटीने बसतात. दुसरा कर्नल आला की जागा संपते आणि रॅमडिस्क अर्धीच लिहिली जाते. तो विभाग ईएफआय नावाच्या वेगळ्या फोल्डरवर माउंट करा आणि कर्नल रूटवर राहू द्या, ग्रबला ते चालते.

मधले पर्याय. एंडेव्हरओएसचा इन्स्टॉलर मिंटइतकाच सोपा आहे, पण भांडार आर्चचेच, त्यामुळे वर सांगितलेला सगळा सांभाळ तसाच; दार सोपे केले म्हणून आतले काम कमी होत नाही. आर्चवरच उभे असलेले मांजारो पॅकेजे काही काळ रोखून धरते, एयूआर मात्र ताज्या आर्चवर बेतलेले, म्हणून दोघांचे जुळत नाही. नवशिक्याने ते टाळावे. उबुंटूत फायरफॉक्ससकट बऱ्याच गोष्टी स्नॅपमधून (उबुंटूच्या स्वतःच्या वेगळ्या पॅकेजांतून) येतात, जुन्या यंत्रावर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेले डेबियन १३ हा मिंटनंतरचा माझा दुसरा पर्याय. फक्त इन्स्टॉलमध्ये रूटचा पासवर्ड रिकामा सोडा, नाहीतर पहिल्या वापरकर्त्याला सूडो मिळत नाही. लॅपटॉप गेल्या काही महिन्यांत बाजारात आलेला असेल तर नवा कर्नल लागतो. तिथे फेडोरा, सहा महिन्यांनी अपग्रेड करायची तयारी ठेवून. प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर कंपाइल करायला लावणारे जेंटू तुमच्या यंत्रावर नको: प्रत्येक कंपाइल जॉबला २ जीबी रॅम धरायची असा तिथला हिशेब, आणि क्रोमियमसारखा ब्राउझर दोन कोरांवर तासन्‌तास बांधत बसेल. डिसेंबर २०२३ पासून तिथे तयार बायनरीही (आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम) मिळतात, पण मग जेंटूचे कारण राहत नाही. १९९३ पासूनचे स्लॅकवेअर पॅकेजचे अवलंबित्व स्वतः सोडवत नाही, ते एकदा व्हीएममध्ये बघून ठेवा.

थेट आर्च कुणी घ्यावे? ज्याच्याकडे दुसरे यंत्र आहे, न तुटणारे नेट आहे, आठवड्यातून अर्धा तास ठरलेला आहे, आणि इंग्रजीतली लांब पाने वाचायचा कंटाळा नाही. वर्षातून दोन-तीनदा एखादी संध्याकाळ जाईल हे त्याने धरलेले असावे. मिंटला महिन्याला दहा मिनिटे पुरतात. दुकानातले बिलिंग, दवाखान्यातली नोंदणी, आई-वडिलांचा लॅपटॉप यांवर आर्च बसवणे हा दुसऱ्याच्या वेळेशी खेळ आहे.

विंडोजचे राहिले. हे सेमिस्टर संपेपर्यंत ठेवा, पण आधार संपलेल्या विंडोजवर बँक आणि मेल उघडू नका. अजून टर्बो सी शिकवणारी कॉलेजे आहेत. ते मिंटवर डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल) चालते, फक्त तिथले कोनिओ हे हेडर आणि पडदा पुसणारे सीएलआरएससीआर जीसीसीत (लिनक्सवरच्या सी कंपायलरमध्ये) मिळणार नाहीत. टॅली, श्रीलिपीवर चालणारे डीटीपीचे काम, परीक्षेचा लॉक केलेला ब्राउझर, व्हॅलोरंट यांसाठी विंडोजच लागते. यातले काही लागत नसेल, तर सेमिस्टरअखेर ग्रबमधून विंडोज शेवटचे कधी निवडले ते आठवा. महिना उलटला असेल तर फाइली काढून तो विभाग मोकळा करा. पहिले खरे आर्च तिथे बसवा, मिंटला हात न लावता. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह मात्र पुसू नका, लॅपटॉपच्या पिशवीतच राहू द्या.